शुक्रवारपर्यंत पाठवत राहीन

मी इंग्रजी बरं बोलतो, असा लोकांचा समज आहे. तो समज माझ्या एका युक्तीवर उभा आहे. 'इन' आणि 'ऑन' या दोन्हींच्या शेवटी 'न' येतो. त्यामुळे नेमकं कुठलं लावायचं हे ठरेना, की मी नुसताच 'न्' म्हणतो. 'आय विल मीट यू न् मंडे.' 'द फाइल इज न् द टेबल.' ऐकणारा आपल्या सोयीने त्याच्या आधी इ नाहीतर ऑ जोडून घेतो आणि मनातल्या मनात माझ्या उच्चारांना नावं ठेवतो. ठेवू दे. व्याकरणाला नावं ठेवली जाण्यापेक्षा ते बरं. 'ॲट'चं मात्र असं काही करता येत नाही, त्यातला 'ट' लपत नाही. म्हणून पुढे 'ॲट' येणार असं वाटलं की मी खोकतो.

हे झालं बोलण्याचं. मेलमध्ये खोकता येत नाही.

आमच्या परदेशातल्या ऑफिसात एक बाई आहेत. त्यांना मी एकदा मोठ्या तत्परतेने कळवलं, 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे.' दहा मिनिटांत उत्तर आलं, 'थँक यू. वन्स विल बी इनफ.' एकदाच पाठवलात तरी पुरे! मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कौतुक आहे. दुसऱ्यांदा वाटलं, काहीतरी खोच आहे. तिसऱ्यांदा उजेड पडला. माझ्या वाक्याचा अर्थ होता, की आज मंगळवार आहे आणि आजपासून शुक्रवारपर्यंत मी तोच रिपोर्ट पाठवत राहणार आहे.

आता यात माझं काय चुकलं? मराठीत 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' म्हणतात आणि 'शुक्रवारपर्यंत थांबतो' असंही म्हणतात. तेच 'पर्यंत' दोन्हीकडे राबतं आणि कुणाचाही घोटाळा होत नाही. इंग्रजीत थांबायचं असेल तर 'टिल' आणि उरकायचं असेल तर 'बाय'. 'पासून'चीही तीच गत. 'दहा वर्षांपासून' आणि '2015पासून' यांत आपल्याला काही फरक वाटत नाही, म्हणून आपण 'सिन्स टेन इयर्स' म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत किती काळ ते सांगायचं तर 'फॉर' आणि कधीपासून ते सांगायचं तर 'सिन्स'. एका माणसाच्या कामाला दोन माणसं ठेवायची ही यांची जुनी खोड.

माझी एकेक चूक उलटी करून बघितली, की तिच्या पोटात मराठीचा एक प्रत्यय सापडतो. आपल्याकडे लग्न कुणा'शी' तरी होतं, म्हणून 'मॅरिड विथ'. तिकडे लग्न 'टू' होतं. बरं, 'मॅरिड विथ टू चिल्ड्रन' हे बरोबर असतं, पण त्याचा अर्थ लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत एवढाच; मुलांशी झालेलं नाही. आपला राग कुणा'वर' तरी असतो, म्हणून आपण 'अँग्री ऑन'. त्यांचा राग 'विथ' असतो. म्हणजे आपला राग समोरच्याच्या डोक्यावर चढून बसतो आणि त्यांचा त्याच्या सोबतीने चालतो. आपला मुलगा गणितात चांगला, त्यांचा 'ॲट' मॅथ्स. आपला पक्षी झाडावर बसतो, त्यांचा झाडात. झाडाची पानं मात्र त्यांच्याकडेही झाडावरच, म्हणजे 'ऑन'. अख्ख्या भाषेत 'डिपेंड ऑन' हा एक प्रयोग असा आहे जो आपल्या 'वर अवलंबून'शी तंतोतंत जुळतो. त्यात मी आयुष्यात एकदाही चुकलेलो नाही. त्यामुळे मीटिंगमध्ये मला काहीही विचारलं की मी 'इट डिपेंड्स ऑन' अशी सुरुवात करतो. लोकांना वाटतं, माणूस विचारी आहे.

शाळेत आमच्या सरांनी इन, ऑन, ॲट एका तासात उरकले होते. वर्ष आणि महिना मोठा, त्याला 'इन'. वार आणि तारखेला 'ऑन'. घड्याळातल्या वेळेला 'ॲट'. फळ्यावर तीन चौकोन, एकाच्या पोटात एक. इतकं सुंदर, की मला इंग्रजी येऊ लागलं असं वाटलं. मग सरांनीच ते मोडलं. सकाळ 'इन', संध्याकाळ 'इन', रात्र मात्र 'ॲट'. आणि सकाळ एकटी असली तर 'इन', पण तिच्यासोबत सोमवार आला की 'ऑन'. सकाळ तीच, सूर्य तोच, फक्त सोबत बदलली! पुढच्या तासाला वाहनं. मोटारीत बसलं तर 'इन', बसमध्ये आणि आगगाडीत बसलं तर 'ऑन'. सर म्हणाले, ज्या वाहनात उभं राहून चालता येतं त्याला 'ऑन'. मी विचारलं, "सर, मग सायकलला 'ऑन' का? सायकलवर उभं राहून कोण चालतं?" सर काही क्षण खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "असंच असतं ते. पाठ कर."

मी पाठ केलं. पण परीक्षेत जे पाठ असतं ते तोंडावर येईलच असं नाही, आणि आलं तरी योग्य जागी उतरेलच असं तर अजिबात नाही. माझ्या इंग्रजीत अव्ययांचा तुटवडा आहे असा कुणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. उलट साठा भरपूर आहे. 'डिस्कस'ला काही लागत नाही, मी 'अबाउट' देतो. 'एंटर'ला नको असताना 'इन'. 'रीच'ला 'टू'. 'कोप'ला एक 'विथ' पुरतं, मी वर एक 'अप'ही चढवतो. 'घरी' या शब्दाला आपल्याकडे जसं आणखी काही जोडावं लागत नाही तसं 'होम'लाही लागत नाही, तरी मी 'गो टू होम'. दुसरीकडे 'एक्स्प्लेन्ड हिम', 'लिसन मी', 'नॉक द डोअर' अशा उपाशी जागा आहेतच. एकदा मी माझ्याच जुन्या मेलांवर पेन्सिल घेऊन बसलो आणि जास्तीचे व कमी पडलेले मोजले. जवळजवळ बरोबरीत आले! माल पुरेसा आहे. वाटप चुकतंय.

खरी गोम मला फार उशिरा कळली. 'प्रीपोझिशन' म्हणजे शब्दशः आधी ठेवलेलं. आपलं शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागून येतं. 'टेबल' म्हणून झाल्यावर 'वर' की 'खाली' हे ठरवायला आपल्याकडे अर्ध्या सेकंदाची मुदत असते. 'टेबला...' इथपर्यंत येऊन माणूस एक आवंढाही गिळू शकतो. इंग्रजीत टेबल दिसायच्या आधीच निकाल द्यावा लागतो. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते म्हणे. ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम या चिल्लर शब्दांच्या अंगावर पडलं. प्रत्यय त्यांनी गमावले, भरपाई मी करतोय.

चिल्लर म्हणालो खरा, पण नियत याच शब्दांत असते. चेंडू 'थ्रो टू हिम' केला तर खेळ, 'थ्रो ॲट हिम' केला तर भांडण. 'शाउट टू' म्हणजे लांबून हाक, 'शाउट ॲट' म्हणजे अंगावर ओरडणं. आपण अशा वेळी क्रियापदच बदलतो: चेंडू एकाकडे टाकतो, दुसऱ्याला फेकून मारतो. त्यांचं क्रियापद जागचं हलत नाही, सगळा राग दोन अक्षरांत. लिंकनने 1863 साली गेटिसबर्गच्या भाषणाच्या शेवटी लोकशाही सांगितली तीही ऑफ, बाय आणि फॉर या तिघांच्या खांद्यावर. मी तिथे असतो तर तिन्ही जागी खोकलो असतो.

यांच्या यांच्यातही एकमत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा. शनिवार-रविवार ब्रिटिशांकडे 'ॲट द वीकेंड', अमेरिकनांकडे 'ऑन द वीकेंड'. वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन येऊ नये, असं 1672मध्ये इंग्रज कवी ड्रायडनने आधीच्या पिढीतला नाटककार बेन जॉन्सन याच्या चुका काढताना सुचवलं. पुढे 1762च्या आपल्या व्याकरणात रॉबर्ट लाउथने याच सवयीवर टिप्पणी केली, आणि ती करताना त्याचं स्वतःचं वाक्य 'टू'वर संपलं. मुद्दाम केलं की चुकून, यावर वाद घालणारे घालोत. मला तो खोकला ओळखीचा वाटला.

परवा त्या रिपोर्टवाल्या बाईंचा निरोप आला. त्या मराठी शिकताहेत. अख्खा निरोप मराठीत होता: 'मी एका मराठी माणसाला लग्न केलं आहे. माझ्याकडे दोन बहिणी आहेत. आज माझ्याकडे ताप पण आहे.'

मी खुर्चीत ताठ बसलो. इतक्या वर्षांनी लाल पेन माझ्या हातात आलं होतं. सावकाश, चवीने लिहिलं: 'माणसाला' नव्हे, 'माणसाशी'. बहिणी 'मला' आहेत, 'माझ्याकडे' पैसे असतात. आणि ताप नुसता असत नाही, 'मला ताप आला आहे' असं म्हणतात.

लगेच उलट प्रश्न आला. बहिणी मला, पैसे माझ्याकडे, असं का? आणि ताप कुठून आला?

मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिलो. मग लिहिलं, 'असंच असतं ते. पाठ करा.'