छातीतील नळी पाणी पूर्ण थांबेपर्यंत ठेवावीच लागते का?

दुर्बिणीद्वारे फुफ्फुसाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश फिरत असतो. त्याचा आशय असा: बाटलीत पाणी येणे पूर्ण थांबेपर्यंत छातीतील नळी (शस्त्रक्रियेनंतर छातीतील हवा व द्रव बाटलीत बाहेर काढणारी) काढू देऊ नये, तिला सतत सक्शन (यंत्राने ओढण्याचा जोर) असावे, काढण्यापूर्वी ती चिमट्याने बंद करून पाहावी आणि ती जितकी जास्त दिवस राहील तितके चांगले. काळजीपोटी पुढे पाठवलेला हा सल्ला रुग्णाला विनाकारण त्रासात ठेवू शकतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

पाणी पूर्ण थांबण्याची अट शरीरशास्त्राला धरून नाही. फुफ्फुसावरणात निरोगी माणसाच्याही शरीरात द्रव सतत झिरपतो आणि लसीकावाहिन्या (शरीरातील जादा द्रव वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या) तो शोषून घेतात. शस्त्रक्रियेनंतर हे झिरपणे वाढते आणि आत असलेली नळीही आवरणाला चाळवत राहते. पूर्वी दिवसाला 100 ते 200 मिलिलिटरपेक्षा कमी द्रव आल्यावरच नळी काढण्याचा प्रघात होता. छातीच्या शल्यचिकित्सकांच्या युरोपीय संघटनेने सहभाग घेतलेल्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मात्र, द्रव पातळ व पिवळसर असेल तर 24 तासांत 450 मिलिलिटरपर्यंत आला तरी नळी काढता येते. त्यात रक्त, पू किंवा दुधाळ लसीकाद्रव नसावा आणि हवेची गळती, म्हणजे फुफ्फुसातून नळीवाटे हवा येणे, थांबलेली असावी, या अटी अर्थातच महत्त्वाच्या आहेत. आकड्यापेक्षा द्रवाचे स्वरूप आणि हवा यांवरच निर्णय अधिक अवलंबून असतो.

सक्शनबाबत त्याच सूचना सांगतात की ते सरसकट लावू नये. बाटलीतील नळीचे टोक पाण्याखाली असल्यामुळे हवा बाहेर पडते, परत आत जात नाही, आणि बहुतेकांना एवढे पुरते. फुफ्फुस नीट फुगले नसेल किंवा त्वचेखाली हवा पसरत असेल, तर सक्शनला जागा आहे.

चिमट्याचा सल्ला सर्वांत धोकादायक आहे. बुडबुडे येत असलेली नळी बंद केली तर अडकलेली हवा फुफ्फुसाला आणि हृदयाला दाबू शकते, आणि त्यातून जीवावर बेतू शकते. श्वासाबरोबर नळीतील पाण्याची पातळी वरखाली होणे ही मात्र गळती नव्हे.

जास्त दिवस म्हणजे जास्त सुरक्षित, हेही खरे नाही. बरगड्यांमधील मज्जातंतूवर नळीचा दाब येतो, रुग्ण दुखण्याच्या भीतीने खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो, आणि जंतुसंसर्गाची वाटही उघडी राहते. अर्थात गळती पाच दिवसांपलीकडे लांबली, तर नळी ठेवावीच लागते. नळी मुळीच नको, हा उलट दावाही तितकाच अपुरा आहे; छोटा तुकडा काढलेल्या, गळती नसलेल्या निवडक रुग्णांमध्ये ते शक्य असते, फुफ्फुसाचा संपूर्ण खंड (त्याच्या मोठ्या भागांपैकी एक) काढल्यावर मात्र ती सर्वसाधारण पद्धत नाही.

नातेवाइकांनी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: हवा येते का, द्रव कसा आहे, आणि क्ष-किरण चित्रात फुफ्फुस फुगलेले दिसते का. नळी काढल्यानंतर दम वाढला, ताप आला किंवा मान व चेहऱ्याच्या त्वचेखाली सूज जाणवली, तर लगेच कळवावे.