दातच तर काढलाय!

आज ऑफिसात एका मैत्रिणीने अर्ध्या दिवसाची रजा मागितली. खालची अक्कलदाढ काढून तिसरा दिवस, आणि ठणका थेट कानापर्यंत. साहेब म्हणाले, "दातच तर काढलाय, बाळंतपण थोडंच झालंय?" सगळे हसले. बायकासुद्धा. तेव्हापासून डोकं तापलंय.

माझ्या आत्याची दाढ तालुक्याच्या गावी काढली होती. सुरुवातीला बरी होती, दुधात भाकरी कुस्करून खात होती. तिसऱ्या रात्री सुरू झालं. कानशील, कान, अर्धं डोकं. घरच्यांना वाटलं कानच दुखतोय, म्हणून कोमट तेल कानात घातलं! दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं, "दुखणारच, गोळ्या चालू ठेवा." डॉक्टरांशी बोलूसुद्धा दिलं नाही.

दुखणारच म्हणजे काय? भूल उतरली की दुखतं, पण ते दिवसागणिक कमी व्हायला हवं. उतरणीला लागलेलं दुखणं दोन-तीन दिवसांनी उसळून आलं, तोंडाला घाण वास यायला लागला, की काहीतरी बिघडलंय. दाढेच्या खळग्यात रक्ताची गुठळी धरते, ती आतल्या हाडावरचं पांघरूण. ती निघून गेली की हाड उघडं पडतं. यालाच ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं, तंबाखूवाल्यांना जास्त, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांनाही जास्त. म्हणून पहिले २४ तास चुळा भरायच्या नाहीत, जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हळू.

आत्याला यातलं एक अक्षर कोणी सांगितलं नव्हतं. तोंडात रक्ताची चव म्हणून तिने घरी आल्या आल्या खळखळून चुळा भरल्या. ठणका लागल्यावर मिश्री लावली. दात दुखला की आमच्याकडच्या बायका तेच करत आल्यात. "तंबाखू खाता का" या प्रश्नाला ती "नाही" म्हणाली होती, आणि ती खोटं बोलली नव्हती. खात नव्हतीच ती. लावत होती. भाजलेला तंबाखूच तो, पण हे विचारायला कोणी थांबलं नाही.

बरं, मान्य, बहुतेकांची जखम विनासायास भरते. बाहेर रांग असताना प्रत्येकाला समजावणं अवघड, हेही मान्य.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी खळगा सलाइनने धुतला, लवंगेच्या तेलाचा वास येणारं औषध आत भरलं. घरी पोचेपर्यंत आत्याचा चेहरा सैल झाला होता. एवढंच करायचं होतं हो! मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिक्सनी जे झालं नव्हतं, ते त्या खुर्चीत काही मिनिटांत झालं. तोवर ती पदर गालाशी दाबून सगळ्यांचा स्वयंपाक करत होती. बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "दाताचं काय सांगत बसायचं गं सगळ्यांना."

हे वाक्य मला अजून छळतं. सोसण्याची ही सवय तिला कोणी लावली? आजच्या त्या हसण्यानेच ना?

ज्यांच्या घरी आत्याच्या वयाचं कोणी आहे त्यांच्यासाठी आणखी थोडं. ठिसूळ हाडांसाठी गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर दाढ काढण्याआधीच सांगा. त्यातल्या काही औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाडच भरून येत नाही. मधुमेह, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या, सगळं सांगा, पण गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि सूज वाढत चालली, ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

यादीतल्या डेंटिस्ट मित्रमैत्रिणींनो, तुमच्यावर राग नाही. पण पेशंट खुर्चीतून उठताना हातात एक कागद द्या. मराठीत, मोठ्या अक्षरांत. त्यावर तुम्ही स्वतः उचलाल असा फोन नंबर असू द्या. आणि "तंबाखू टाळा" एवढंच लिहू नका, मिश्रीचं नाव घेऊन लिहा.