हसू फुटू नये म्हणून घ्यायची काळजी

काळ कठीण आहे. अशा काळात स्वतःचं म्हणावं असं तुमच्याकडे जे काही उरलंय, त्यात ताणाचा नंबर पहिला. तो तुम्हाला वारसाहक्काने मिळालेला नाही. रात्री जागून, नखं कुरतडून, त्याच त्या बातम्या पुन्हा पुन्हा वाचून तुम्ही तो कष्टाने जमवलाय. असा ऐवज एखाद्या फालतू विनोदावर उधळून टाकणं शहाण्या माणसाला शोभत नाही. तरी लोक रोज उधळतात. बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकतात आणि दार उघडेपर्यंत अनोळखी माणसांबरोबर खिदळायला लागलेले असतात. साहेबांची बोलणी खाऊन येतात आणि जिन्यात उभं राहून साहेबांचीच नक्कल करतात. आठवडाभर साठवलेली चिडचिड एका मिनिटात मातीमोल! तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी घरभेदी ओळखून ठेवा. तो म्हणजे तुमचं शरीर.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने 1936 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात उंदरांवरच्या प्रयोगांचं एक छोटंसं टिपण छापलं. थंडी असो, इजा असो, अतिश्रम असो, नाहीतर जीव जाणार नाही इतपत दिलेला औषधाचा जबर डोस. छळ कुठलाही केला तरी उंदरांच्या शरीरात ठरावीक उलथापालथ होते, असं त्यात होतं. ताणाच्या आधुनिक अभ्यासाचा पाया म्हणून आज ते टिपण ओळखलं जातं. पण एक फरक ध्यानात घ्या. त्या उंदरांना छळायला दुसरं कोणीतरी लागत होतं. तुम्हाला लागत नाही. ‘जरा बोलायचं होतं, उद्या सांगतो’ एवढा एक मेसेज आला की पुढचं सगळं तुम्ही स्वतःच्या बळावर पार पाडता. इतकी स्वयंपूर्णता उंदरांना साधलेली नाही.

एवढी मेहनत केली तरी शरीर फितुरी करतंच. धोका दिसला की अॅड्रिनलिन उसळतं, हृदय धडधडतं, तळव्यांना घाम सुटतो. इथपर्यंत सगळं छान. पण धोका टळला की काही मिनिटांत ते अॅड्रिनलिन ओसरायला लागतं आणि शरीर म्हणतं, झालं, चला कामाला. याच क्षणी तुम्ही जागरूक राहायला हवं. प्रसंग पुन्हा पहिल्यापासून आठवा. त्याने काय म्हटलं, आपण काय म्हटलं, आणि मुख्य म्हणजे आपण काय म्हणायला हवं होतं. हे शेवटचं कधीच संपत नाही, म्हणून ते फार उपयोगी.

श्वासावरही नजर ठेवा. माणूस साधारण दर पाचेक मिनिटांनी, नकळत, एक दुप्पट खोल श्वास घेऊन सोडतो. फुप्फुसांतल्या मिटत चाललेल्या बारीक पिशव्या पुन्हा उघडाव्यात म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. तुमची परवानगी कोणी विचारत नाही. त्यात श्वास सावकाश बाहेर सोडला की हृदयाची गती उतरते, हे आणखी एक संकट. तेव्हा श्वास लांबवर सोडण्याच्या फंदात पडू नका. तो छातीतच वरच्या वर अडकवून ठेवा. ईमेल उघडताना बऱ्याच जणांना हे आपोआप जमतं. बाकीच्यांनी सराव करावा.

सकाळची वेळ अनुकूल असते. जाग आल्यावर पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात शरीर स्वतःहून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, वाढवतं, दिवसाला उभं राहता यावं म्हणून. आयतं भांडवल आहे, वाया घालवू नका. डोळे पूर्ण उघडण्याआधी हात फोनकडे गेला पाहिजे. रात्रीतून जगात काय काय बिघडलं ते वाचा, मग कोणी आपल्या मेसेजला उत्तर दिलेलं नाही ते पाहा, मग ते उत्तर न देणारे इतरत्र कुठे कुठे हजर होते याचा तपास करा. खिडकीबाहेर बघायचं नाही. तिथे उजाडत असतं आणि पक्षी वगैरे प्रकार चालू असतात.

आता रात्र. हिचा आणि काळजीचा घरोबा जुना आहे, तो मोडायला काही मानसशास्त्रज्ञ टपलेले असतात. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 मध्ये एक उपाय तपासला: काळजीसाठी दिवसातला अर्धा तास राखून ठेवायचा, रोज तीच वेळ, तीच जागा, एरवी काळजी आली की तिला सांगायचं, तुमची वेळ संध्याकाळची, तेव्हा या. ऐकायला निरुपद्रवी वाटतं. पण करून पाहणाऱ्यांचे हाल बघा. संध्याकाळी ठरल्या वेळी खुर्चीत बसावं, हात चोळून काळजी करायला घ्यावी, आणि सकाळी कशाने जीव वरखाली होत होता तेच आठवू नये! आठवलं तरी एवढंसं वाटावं. यासारखा अपमान नाही. काळजीला वेळापत्रक लावू नका. तिला मध्यरात्री केव्हाही, चपला न काढता आत येऊ द्या.

आणि तिचा हिशेब तर मुळीच ठेवू नका. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, सतत काळजीने ग्रासलेल्या लोकांना आपल्या काळज्या लिहून ठेवायला आणि नंतर त्यातल्या किती खऱ्या ठरल्या ते तपासायला सांगितलं. सुमारे 91 टक्के खऱ्या ठरल्याच नाहीत. अभ्यास छोटा होता, तीसेक माणसांचा, एवढाच काय तो दिलासा. कागद आणि पेन्सिल रात्री उशाशी ठेवू नये ते यासाठी. काळजी डोक्यात असते तेव्हा डोंगराएवढी असते. कागदावर उतरली की दीड ओळीत संपते आणि वर शुद्धलेखनाच्या चुका दिसतात.

एवढं सगळं सांभाळूनही कधीकधी शांत व्हावंसं वाटतं. माणूस आहात, वाटणारच. लाजू नका. उलट या इच्छेचाच ताण वाढवायला उत्तम उपयोग होतो आणि माझ्या मते सगळ्या उपायांत हा सर्वश्रेष्ठ. शांत व्हायचा पक्का निर्धार करा. स्वतःला दरडावून सांगा, ‘शांत हो. आत्ताच्या आत्ता.’ डॅनियल वेगनर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये काही विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं बजावलं, आणि तरी आलाच तर समोरची घंटा वाजवायला सांगितलं. घंटा वाजत राहिल्या. बरं, नंतर त्याच विद्यार्थ्यांना ‘आता खुशाल करा अस्वलाचा विचार’ म्हटल्यावर, ज्यांना आधी मनाई नव्हती त्यांच्यापेक्षा यांच्या डोक्यात अस्वल जास्त फिरलं. तुमचं अस्वल घराच्या हप्त्याचं असेल, परीक्षेच्या निकालाचं असेल, डॉक्टरांच्या रिपोर्टचं असेल. त्याला हाकलायला निघा. ते बिऱ्हाडासकट मुक्कामाला येईल.

निर्धाराला साधनसामग्रीची जोड द्या. ध्यानाचं अॅप घ्या, त्यात सलग दिवसांची साखळी असू द्या, आणि ती तुटू नये म्हणून रात्री बाराला दहा मिनिटं कमी असताना धावतपळत ध्यानाला बसा. मनगटावर असं घड्याळ बांधा, जे तुमचा ताण मोजतं. ते भर मीटिंगमध्ये थरथरून ‘तुम्ही तणावात दिसता, एक मिनिट श्वासावर लक्ष द्या’ म्हणेल. साहेब विचारतील, ‘कुठे जायचंय का?’ मग बघा आकडा कसा चढतो ते. ओळखीतल्या कोणाचं ध्यान तुमच्यापेक्षा जास्त चाललंय हेही पाहत चला. शांततेत मागे पडल्याचा जो जळफळाट असतो, त्याला तोड नाही.

दुसऱ्यांना शांत करण्याचं कामही अंगावर घ्यायला हरकत नाही. त्यातून दोन्ही बाजूंचा ताण वाढतो. भडकलेल्या माणसाला ‘तू आधी शांत हो बघू’ म्हणून पाहा. सरकारांनीही हे करून पाहिलंय. 1939 मध्ये, महायुद्धाच्या तोंडावर, ब्रिटिश सरकारने जनतेला धीर देण्यासाठी तीन पोस्टर तयार करवली. त्यातल्या एकाचा आशय असा की तुमचं धैर्य, तुमचा आनंदी स्वभाव आणि तुमचा निश्चय आम्हाला विजय मिळवून देईल. लोक वैतागले: आनंदी राहायचं आम्ही आणि विजय मिळणार तुम्हाला! शांत राहा आणि काम चालू ठेवा असं सांगणारं तिसरं पोस्टर सुमारे 24 लाख 50 हजार प्रतींत छापून तयार होतं. ते बहुतांशी लावलंच गेलं नाही. पुढच्या वर्षी कागदाची चणचण भासली तेव्हा त्याच्या बऱ्याचशा प्रतींचा लगदा केला. थोडक्यात, ज्या लोकांसाठी ते छापलं त्यांनी बॉम्बवर्षाव त्याच्याविनाच काढला. 2000 साली एक प्रत इंग्लंडमधल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात सापडली आणि आता तोच मजकूर कपांवर, उशांवर, फोनच्या कव्हरांवर मिळतो. एखादं जरूर घ्या. डिलिव्हरीला उशीर झाला की कामी येईल.

हसण्याबद्दल मात्र जरा जास्तच सावध राहायला हवं, कारण ते विनोदातून येतं असा सर्वत्र गैरसमज आहे. विनोद टाळले की भागलं असं समजून लोक बेसावध राहतात. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांना घेऊन बाजारात, फुटपाथवर लोकांची बोलणी कान देऊन ऐकली आणि हसण्याचे बाराशे प्रसंग टिपले. त्यातले विनोदासारख्या कशानंतर आलेले फार तर 10 ते 20 टक्के. बाकी हसणं ‘बरं, निघतो मग’, ‘अरे, तू इथे कसा?’ असल्या मचूळ वाक्यांवर. त्यांचाच आणखी एक निष्कर्ष असा की माणूस एकटा असताना हसतो त्याच्या तीसपट चारचौघांत हसतो. आता धोका कुठे आहे ते कळलं ना? माणसांत. म्हणून मनावर ओझं असेल तेव्हा कोणाकडे जाऊ नका, कोणाला बोलावू नका, फोन आला तर ‘मीटिंगमध्ये आहे’ असं टाइप करा. विशेषतः शाळेपासूनचे मित्र टाळा. त्यांना तुमच्या दुःखाची काडीइतकी भीड नसते. तुम्ही गंभीर चेहऱ्याने बोलायला लागलात की त्यांना तुम्ही नववीत बाकावरून पडलात तेच आठवतं.

हसणं अगदीच भाग पडलं तर एकट्याने आणि यांत्रिक हसा. 1988 च्या एका प्रयोगात लोकांना दातांत पेन धरून व्यंगचित्रं बघायला लावली होती. ओठ ताणले जाऊन चेहरा हसरा होतो, म्हणून चित्रंही जास्त गमतीची वाटतात, असा निष्कर्ष निघाला. 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी मिळून तो प्रयोग पुन्हा केला, तर तसा परिणाम दिसलाच नाही. म्हणजे हा उपाय तुमच्यासाठी बऱ्यापैकी सुरक्षित. दातांत पेन धरून खुशाल बसा. फक्त त्या वेळी घरातलं कोणी खोलीत येणार नाही याची खात्री करा. कारण ते ‘काय चाललंय?’ विचारणार, तुम्ही पेनसकट उत्तर द्यायला जाणार, आणि मग दोघंही वाया जाणार.

कोणी तुम्हाला थोरामोठ्यांचे दाखले देऊन नमवू पाहील. व्हिक्टर फ्रँकल यांचं नाव हमखास निघेल. हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांत होते, आणि तिथल्या बांधकामावर शेजारी राबणाऱ्या एका मित्राशी त्यांनी करार केला होता की सुटकेनंतर काय होईल याची एक तरी गमतीदार गोष्ट रोज रचायची. मित्र शस्त्रक्रिया विभागातला डॉक्टर. पाहणीला वरिष्ठ आले की मुकादम ‘चला, हात चालवा!’ म्हणून ओरडायचा. तेव्हा फ्रँकल यांनी रचलं: एक दिवस तू पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये असशील, पोटाची मोठी शस्त्रक्रिया चालू असेल, आणि मोठे सर्जन येताहेत म्हणून वॉर्डबॉय धावत येऊन ओरडेल, ‘चला, हात चालवा!’ या दाखल्याला माझ्याकडे उत्तर नाही. तुम्ही विषय बदला. आमचं इंटरनेट सकाळपासून बंद आहे, असं सांगा.

शेवटी प्रथमोपचार. सगळी खबरदारी घेऊनही हसू फुटलंच, तर लगेच म्हणा, ‘फार हसलो, आता काहीतरी वाईट होणार.’ सांडलेला निम्मा ताण जागच्या जागी परत मिळतो. उरलेला निम्मा ‘या परिस्थितीत हसणं बरोबर आहे का?’ या प्रश्नातून वसूल करा. अवघड जागा तेवढी एकच: जिथे हसायला सक्त मनाई असते ती. शोकसभा, परीक्षेचा हॉल, वरिष्ठांचं लांबलेलं भाषण. तिथे माइक कुईं करून ओरडला की खालचा ओठ आतून चावा, छताकडे बघा, थकलेली बिलं आठवा. तरीही आलंच, तर खोकल्यात मिसळून टाका. आणि शेजारचाही खोकायला लागला, तर काही झालं तरी त्याच्याकडे बघू नका. बघितलंत, तर जबाबदारी माझी नाही.