बोईंगचा खटला नातेवाइकांनी मिटवलेला नाही

"346 माणसं मारली, नातेवाइकांनी पैसे घेऊन केस मिटवली, कोर्टानेही मान डोलावली. अमेरिकेतला न्याय!" बोईंग 737 मॅक्सबद्दलचा हा फॉरवर्ड आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. राग मलाही आहे, पण इथे तो भलत्याच माणसांवर निघतोय.

"346 माणसं मारली." आकडा बरोबर आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये लायन एअरचं 737 मॅक्स विमान कोसळून 189 गेले, मार्च 2019 मध्ये इथिओपियन एअरलाइन्सचं कोसळून 157. पण त्यांच्या मृत्यूचा आरोप कंपनीवर कधी ठेवलाच गेला नाही. आरोप होता एफएएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामकाला, फसवण्याच्या कटाचा. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणारी एमकॅस ही यंत्रणा कमी वेगातही चालू होऊ शकत होती. आपल्या दोन टेक्निकल पायलटांनी हे एफएएपासून दडवलं, असं कंपनीनेच 2021 मध्ये सरकारशी केलेल्या करारात मान्य केलं. त्यामुळे वैमानिकांच्या मॅन्युअलमध्ये एमकॅसचा उल्लेख आला नाही. (त्या दोघांपैकी एकावर खटला चालला. 2022 मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं.)

"नातेवाइकांनी पैसे घेऊन केस मिटवली." इथे आपण आपला कायदा तिकडे लावतोय. आपल्याकडे काही गुन्हे फिर्यादी आणि आरोपी आपसात मिटवू शकतात. अमेरिकेत संघीय खटला चालवायचा की सोडायचा, हे सरकारी वकील ठरवतात आणि ते कंपनीच्या वकिलांशी बोलणी करतात. जानेवारी 2021 चा पहिला करार झाला तेव्हा कुटुंबांना कोणी विचारलंही नव्हतं. त्या करारातले 250 कोटी डॉलर कुठे गेले पाहा: 177 कोटी विमान कंपन्यांना, 24 कोटी 36 लाख दंड आणि मृतांच्या कुटुंबांसाठी 50 कोटी. ही कुटुंबं कायद्याने गुन्ह्याची पीडित आहेत, हेसुद्धा त्यांना कोर्टात भांडून मिळवावं लागलं. टेक्सासचे न्यायाधीश रीड ओकॉनर यांनी तसा निर्णय दिला तो ऑक्टोबर 2022 मध्ये.

त्यानंतर सरकारला कुटुंबांशी चर्चा करणं भाग पडलं. चर्चा करणं भाग होतं, संमती घेणं नव्हे. 2025 मध्ये खटला न चालवण्याचा करार पुढे आला, तेव्हा 110 हून अधिक मृतांच्या बाजूने पाठिंबा आहे किंवा विरोध नाही, असं सरकारने कोर्टाला सांगितलं. बाकीच्यांपैकी अनेक जण शेवटपर्यंत भांडले. त्यांच्या वकिलाने आदल्या वर्षी 2480 कोटी डॉलर दंड मागितला होता. नव्या करारात कुटुंबांसाठी आणखी 44 कोटी 45 लाख आले, प्रत्येक मृतामागे सारखा वाटा. मथळ्यांत मात्र 110 कोटींचा आकडा झळकला. त्यातले 45 कोटी 50 लाख कंपनीने स्वतःच्याच सुरक्षा आणि गुणवत्ता व्यवस्थेवर खर्च करायचे आहेत. याला भरपाई म्हणायला जीभ रेटत नाही. दिवाणी दाव्यांत मिळालेले पैसे वेगळे, त्यांचा या खटल्याशी संबंध नाही.

"कोर्टानेही मान डोलावली." उलट 2024 च्या डिसेंबरमध्ये याच ओकॉनर यांनी बोईंगचा गुन्हा कबूल करण्याचा करार फेटाळला होता. देखरेखीसाठी नेमायच्या निरीक्षकाच्या निवडीत विविधतेचा निकष आणि कोर्टाला दिलेलं दुय्यम स्थान, दोन्ही त्यांना खटकलं. मग सरकारने गुन्ह्याच्या कबुलीजबाबाचा मार्गच सोडला. कबुलीजबाब नाही म्हटल्यावर न्यायाधीशांसमोर एवढाच प्रश्न उरला की, सरकार खटला मागे घेतंय त्याला परवानगी द्यायची का. नोव्हेंबर 2025 मध्ये त्यांनी ती दिली. हा करार जनहिताचा आहे असं आपल्याला वाटत नाही, पण केवळ त्या कारणाने कायदा आपल्याला तो अडवू देत नाही, असा त्यांच्या आदेशाचा सूर आहे.

फेटाळलेल्या करारात निदान गुन्ह्याची कबुली आणि बाहेरचा निरीक्षक तरी होता. 2025 च्या करारात निरीक्षकाच्या जागी एक सल्लागार आहे, आणि तो नेमायचा बोईंगनेच.