एक तारा, कारण टेबलावर पान पडलं

लिहावं की सोडून द्यावं, यात दुपार गेली. सोडवत नाहीये, म्हणून लिहितेच.

आमच्या मागच्या गल्लीत, झाडांच्या दाटीत, एक छोटं हॉटेल आहे. आत मोजकी टेबलं, बाहेर अंगणात आणखी थोडी. आज सकाळी फोन चाळताना त्याचा नवा रिव्ह्यू दिसला. एक तारा. लिहिणारे गृहस्थ याच भागातले, आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या ओळखीचे. म्हणणं काय, तर पार्किंग नाही, ऑर्डर यायला अर्धा तास लागला आणि टेबलावर झाडाची पानं पडतात. पानाचा तर पुरावाच जोडलाय. पाण्याच्या ग्लासशेजारी एक पिवळं पान, वरून काढलेला फोटो, बोटभर आकाराचं असेल नसेल. जेवण कसं होतं याबद्दल अवाक्षर नाही.

अहो, झाडाखाली बसलात तर पान पडणारच! इथे घर घेताना हीच झाडं बघून भुललो ना आपण सगळे? मग तीच झाडं जेवताना कशी खुपायला लागली? आणि पार्किंगचं म्हणाल तर गल्ली मुळात अरुंद, त्यात दोन्ही कडांना झाडं. जिथे तुमची गाडी लागली असती तिथे एक बुंधा उभा आहे, तुमच्या-माझ्या आधीपासून. शिवाय तुम्ही राहता कुठे, तर पुढच्याच वळणावर. गाडी बाहेर काढून पुन्हा लावायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात माणूस चालत जाऊन टेबल धरून बसतो.

मला एवढा राग का आला, ते सांगते. माझ्या बाबांचा हात थरथरतो. गेल्या काही वर्षांत फारच. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मा रिकामा होतो. बाहेर जेवायला जायचं म्हटलं की ते काहीतरी कारण काढतात, आणि खरं कारण घरात कुणी उच्चारत नाही. तरी एकदा त्यांना भरीस घालून एका मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणी नेलं होतं. ताऱ्यांची नुसती उधळण होती त्याच्यावर. दिवे मंद, गाणी मोठ्याने. बाबा दोन घास खातायत तोवर वेटर येऊन विचारतोय, "हे उचलू का?" परत पाच मिनिटांनी, "झालं का?" बाबांनी अर्धवट भरलेली प्लेट पुढे सरकवली आणि म्हणाले, "उचल बाबा." त्यानंतर किती तरी दिवस ते बाहेर आलेच नाहीत.

मग आलो ते या गल्लीतल्या हॉटेलात. चालत. पहिल्या वेळी विशेष काही घडलं नाही. बाबांच्या शर्टावर सांडलं, आम्ही पुसलं, घरी आलो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिथल्या पोऱ्याने सगळ्यांसमोर प्लेटा ठेवल्या आणि बाबांसमोर एक खोलगट वाडगा आणि रुंद चमचा. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही काही बोलून दाखवलं नाही. ठेवला आणि गेला. बाबांनी एकदा वाडग्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पोटभर जेवले.

आता याला किती तारे द्यायचे, सांगा.

मुळात हे तारे आले कुठून? हॉटेलांना मिळणारे मिशेलिनचे तारे सगळ्यांनी ऐकलेत. पण मिशेलिन ही टायरची कंपनी! फ्रान्समध्ये १९०० साली या कंपनीच्या मिशेलिन भावांनी एक छोटी पुस्तिका काढून फुकट वाटली. नकाशे, पंक्चर कसं काढायचं, पेट्रोल कुठे मिळेल, मुक्काम कुठे करावा वगैरे. तेव्हा त्या अख्ख्या देशात तीन हजारसुद्धा मोटारी नव्हत्या. लोकांनी गाडी काढावी, लांब लांब फिरावं, टायर झिजवावेत, हा सरळ हिशेब. त्याच पुस्तिकेत हॉटेलांसाठी तारे १९२६ मध्ये आले आणि एक-दोन-तीनची उतरंड १९३१ मध्ये. त्यांचा अर्थ बघा. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं. तीन म्हणजे खास त्यासाठीच प्रवास करावा असं. म्हणजे वरचे दोन्ही तारे अंतराने मोजलेले आहेत! माणसाने किती लांबून यावं, हा तिथला प्रश्न. जे हॉटेल घराच्या मागच्याच गल्लीत आहे, जिथे चपला अडकवून जाता येतं, त्याला ही पट्टी लावायचीच कशाला? (आणि तिथे एक तारा मिळाला तर आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्या फोनवर एक तारा म्हणजे थोबाडीत. असो.)

शेजारचं हॉटेल मोजायचं असेल तर एकच गोष्ट बघावी, की आपण परत जातो का. आणि ते एकदा जाऊन कळत नाही. पहिल्या वेळी बाबांनाही तो वाडगा मिळाला नव्हता. तो दुसऱ्या वेळी आला, कारण पहिल्या वेळी कुणीतरी लांबून बघत होतं. एकदाच येऊन, फोटो काढून, तारा चिकटवून जाणाऱ्याला हे दिसणार कसं?

बरं, ते तारे तरी खरे असतात का? लंडनमधला किस्सा आठवतो? डलविच म्हणून तिथलं उपनगर आहे, तेही असंच झाडांचं. तिथे ऊबा बटलर नावाचा एक पत्रकार बागेतल्या एका शेडमध्ये राहायचा. २०१७ मध्ये त्याने त्या शेडलाच रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअॅडव्हायझर या रिव्ह्यूंच्या साइटवर नोंदवलं. पदार्थांचे फोटो टाकले ते दाढीचा फेस वगैरे वापरून केलेले, एका फोटोत तर त्याची स्वतःची टाच होती. मित्रांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेतले. फोन आला की सांगायचा, जागा नाही, सगळं बुक आहे. सहा-सात महिन्यांत ते न उघडलेलं हॉटेल लंडनमधल्या १८ हजारांहून जास्त हॉटेलांमध्ये पहिल्या नंबरवर! शेवटी एका रात्री त्याने खरोखर लोकांना बोलावलं आणि बाजारातलं तयार, स्वस्तातलं जेवण गरम करून वाढलं. त्यातल्या काहींनी पुन्हा येता येईल का असंही विचारलं. घ्या! पत्ताच नसलेल्या हॉटेलाला पहिला नंबर, आणि जे रोज सकाळी अंगण झाडतं, पाणी मारतं, टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवतं, त्याला एक.

हो, माहितीय. आता कुणीतरी म्हणणार की रिव्ह्यू नसते तर परक्या गावात पोट बिघडलं असतं, एकट्या बाईला कुठे बसावं ते कळलं नसतं. खरंय. स्वयंपाकघरात घाण असेल तर बिनधास्त लिहा, लिहायलाच हवं. आणि अर्धा तास लागतो हेही खरं, कधी कधी जास्तच लागतो. आत एकटा माणूस शेगडीपाशी उभा असतो.

पण त्या एका ताऱ्याने काय होतं याची कल्पना आहे का? तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकेल लुका यांनी अमेरिकेतल्या सिअॅटलच्या हॉटेलांचा अभ्यास केला होता, २०११ मध्ये आला. येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्के वाढतं, आणि हा फरक पडतो तो स्वतंत्र, एकट्यादुकट्या हॉटेलांना. साखळीवाल्यांना नाही. त्यांना तर लोक नावानेच ओळखतात. म्हणजे ताऱ्याने बरंवाईट व्हायचं ते या असल्या गल्लीतल्यांचंच. मोठ्या ठिकाणी शंभर तारे आलेगेले तर कुणाला पत्ता नाही. ज्यांनी बाबांची भरली प्लेट उचलली त्यांच्याविषयी मी एक ओळ तरी कुठे लिहिली का? नाही लिहिली. त्यांचं काही बिघडलंही नसतं. आणि इथे मात्र एका पिवळ्या पानापायी आचाऱ्याचा, त्या पोऱ्याचा पगार मागेपुढे होऊ शकतो. राग येणार नाही तर काय!

संध्याकाळी बाबांना तो रिव्ह्यू वाचून दाखवला. ते हसलेच. म्हणाले, "पानच पडलं ना, फांदी तर नाही?" आणि मग, "त्याला भूक लागली असेल गं. भुकेला माणूस अर्धा तास थांबला की असाच होतो." माझा निम्मा राग तिथेच उतरला, त्यामुळे पोस्टच्या सुरुवातीला जे दोन-तीन शब्द जास्तच कडक होते ते काढून टाकलेत.

तर साहेब, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, आपले ओळखीचे लोक बरेच आहेत आणि कुणी ना कुणी पाठवेलच. तुमचा रिव्ह्यू काढा असं मी म्हणत नाही. तुमचा फोन, तुमचा तारा. फक्त अजून एकदा या, आमच्याबरोबर. आम्ही लवकर जातो, कारण बाबांना सावकाश जेवायला लागतं आणि तेव्हा आचाऱ्यालाही घाई नसते. निघण्याआधी थोडं काहीतरी खाऊन घ्या म्हणजे अर्धा तास जड जाणार नाही. गाडी आणू नका. आणि शनिवार नको, शनिवारी बाहेरची टेबलं मिळत नाहीत.