ड्रमकिटला आठ माइक लागतातच? चार पुरतात

घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरतो: ‘ड्रमकिटला किमान आठ माइक हवेत. तेवढे नसतील तर सरळ सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले ड्रमचे आवाज) वापरा.’ सोबत चार कारणं दिली जातात. तीन टिकत नाहीत, चौथं अर्धं खरं आहे.

‘प्रत्येक ड्रमला स्वतःचा माइक नसेल तर तो दबतो.’ ओव्हरहेड, म्हणजे किटच्या वर टांगलेला माइक नुसते सिंबल्स (धातूच्या थाळ्या) उचलत नाही, अख्खं किट उचलतो. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम १९६८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत रेकॉर्ड करणाऱ्या ग्लिन जॉन्सच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी तीन-चार माइकचीच आहे.

‘कमी माइकमुळे स्नेअर (वादकासमोरचा मुख्य ड्रम) पोकळ येतो.’ इथे दोष भलत्यावरच ढकलला जातो. पोकळपणा येतो तो फेजमुळे, म्हणजे एकच आवाज दोन माइकांत वेगवेगळ्या वेळी पोहोचून एकमेकाला खोडतो म्हणून, आणि माइक वाढले की फेजची भानगडही वाढते: चार माइकच्या सहा जोड्या होतात, आठच्या अठ्ठावीस. उपाय म्हणजे सुतळी. पहिला ओव्हरहेड स्नेअरच्या बरोबर वर, साधारण एक मीटरवर लावा. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरायला लावा, दुसरं माइकच्या तोंडाशी नेऊन तिथे गाठ मारा. आता तीच गाठ फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर पायांवर उभ्या ड्रमच्या) पलीकडे न्या. दुसरा माइक तिथेच, टॉमच्या काठापासून वीतभर वर, स्नेअरवरून हाय-हॅटकडे (पायाने उघडझाप होणाऱ्या सिंबल-जोडीकडे) तोंड करून. दोन अंतरांत १७ सेंटिमीटरचा फरक पडला, तरी आवाज अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि दोन्ही ट्रॅक एकत्र होताच १००० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो. एकाच स्पीकरच्या मोबाइलवर तो लगेच कळतो.

किकचा (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमचा) माइक पुढच्या कातड्याच्या भोकातून थोडा आत. बीटरकडे (कातड्यावर आपटणाऱ्या दांड्याकडे) सरकवला की ‘टक’ वाढतो, बाहेर काढला की घुमार. मग ओव्हरहेड चालू ठेवून किकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटून पाहा आणि ज्या बाजूला खर्ज भरतो ती ठेवा. ही दोन सेकंदांची तपासणी राहून गेली, की लोक उगाच इक्यूने खर्ज वाढवत बसतात. चौथा माइक स्नेअरच्या काठाशी, आधाराला.

‘स्टिरिओ मिळत नाही.’ वरचा माइक अर्धा उजवीकडे, फ्लोअर टॉमचा पूर्ण डावीकडे पॅन करा, म्हणजे त्या बाजूच्या स्पीकरकडे वळवा. मिळतो.

‘नंतर मिक्समध्ये काही बदलता येत नाही.’ हे अर्धं खरं. हाय-हॅट जोरात वाजला असेल, तर तो ओव्हरहेडमधून वेगळा काढता येत नाही. वादकालाच हात हलका ठेवायला सांगावं लागतं. ट्यूनिंगही आधीच. फ्लॅटचं छत बुटकं असेल तर ओव्हरहेडच्या वर जाड गोधडी ताणा, नाहीतर छतावरून परतणारा आवाज सिंबल्स चिरके करतो. दोन्ही पायांनी वेगात किक वाजवणाऱ्या (डबल बेस) मेटल संगीताला मात्र चार माइक खरोखर अपुरे पडतात. एरवी पाचवा हाताशी आला तर रॅक टॉमला (किकच्या वर बसवलेल्या छोट्या ड्रमला) लावा. फ्लोअर टॉमजवळ एक आधीच आहे.