इंटिमेट केलं म्हणजे नक्की काय केलं?

नौपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये परवा लिफ्टशेजारच्या फळ्यावर नोटीस लागली. टाकी धुणार, गुरुवारी १० ते ४ पाणी नाही. सुरुवात अशी : 'मेंबर्स आर हिअरबाय इंटिमेटेड...' पाचव्या मजल्यावरचा नववीतला मुलगा ती मोठ्याने वाचत होता, त्या शब्दापाशी आला आणि खुदकन हसला. 'इंटिमेट सीन्स'पलीकडे हा शब्द त्याने ऐकलेलाच नाही. त्याची काय चूक?

खरं तर उच्चारातच फरक आहे. क्रियापद असेल तर शेवट 'मेट', ठसठशीत. विशेषण असेल, म्हणजे जवळचा, जिव्हाळ्याचा, तर शेवटचा स्वर गिळून टाकायचा, जवळपास 'इंटिमट'. सेपरेटचंही तेच; एस्टिमेट, ग्रॅज्युएट यांचंही, फक्त तिथे विशेषणाच्या जागी नाम. आपण मराठी माणसं दोन्हीकडे 'मेट'च म्हणतो आणि आपलं काही अडत नाही.

अडतं ते अर्थापाशी. माझी भाची ऐरोलीला कंपनीत आहे. तिने इंग्लंडमधल्या क्लायंटला मेल केली, 'युअर मॅनेजर इंटिमेटेड दॅट द डेट माइट चेंज.' मॅनेजरने हे तिला फोनवर सरळ सांगितलं होतं. तिकडून उलट प्रश्न आला : तो तसं स्पष्ट म्हणाला, की तुम्हाला तसं वाटलं? ती वैतागली. "मावशी, मी काय मनचं लिहिलं का गं?"

मनचं नव्हतं. पण आज तिकडचा वाचक हे क्रियापद बहुतेकदा 'आडून सुचवलं' असंच वाचतो. एखादा मंत्री राजीनाम्याबद्दल इंटिमेट करतो तेव्हा तो राजीनामा देत नसतो, नुसती कुणकुण लागू देतो. आपल्याकडे मात्र हा शब्द थेट 'कळवणे'.

म्हणून आपली इंग्रजी चुकीची, असं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाहीर करणे असाच होता, तोही 'सगळ्यात आतलं' या शब्दापासून आलेला. जिवलग मित्राचं विशेषण त्याच घरातलं. स्कॉटलंडच्या कायद्यात तर रीतसर नोटीस देण्याला आजही इंटिमेशनच म्हणतात. आणि आपल्या मराठीत काय वेगळं आहे? 'सूचना' फळ्यावर लागते आणि 'सूचक' हसू गालातल्या गालात येतं. एकाच धातूतून आलेले दोन शब्द, एक ढोल वाजवून सांगणारा, दुसरा डोळ्याने खुणावणारा. हे उदाहरण दिलं की शिकवणीतल्या मुलांना कोश उघडावा लागत नाही.

मला राग आहे तो क्लासवाल्यांच्या 'फॉर्मल शब्दां'च्या यादीवर. टेलपेक्षा इन्फॉर्म भारी, इन्फॉर्मपेक्षा इंटिमेट भारी, जणू जिन्याच्या पायऱ्याच! मुलं तो शब्द पाठ करतात आणि वाक्यात बसवताना आपटतात. कारण इन्फॉर्मच्या पुढे माणूस येतो : इन्फॉर्म द ऑफिस. इंटिमेटच्या पुढे येते गोष्ट, माणूस नंतर 'टू' लावून : इंटिमेट युअर डिसिजन टू द ऑफिस. आपण डोक्यात 'ऑफिसला कळवा' म्हणतो आणि दोन्ही एकाच साच्यात ओततो. 'सजेस्ट मी अ गुड डॉक्टर' हेही त्याच साच्यातलं. (हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्याला एकदा तरी येतं.) या हिशेबाने 'मेंबर्स आर इंटिमेटेड' सुद्धा डळमळीतच, कारण सांगायची गोष्ट पाणी, मेंबर नव्हेत.

म्हणून मी मुलांना सांगते, सांगायचंच असेल तर इन्फॉर्म लिहा, नाहीतर सरळ टेल लिहा, कोणी मार्क कापत नाही. इंटिमेट राखून ठेवा, कोणी स्पष्ट न बोलता काही सुचवलं असेल तेव्हासाठी.

सेक्रेटरीकाकांना हे जिन्यात सांगून पाहिलं. "मॅडम, तीस वर्षं हीच नोटीस लावतोय, फक्त तारीख बदलतो," म्हणाले. संध्याकाळी पाहिलं तर इंटिमेटेडवर पेनने काट मारून वर इन्फॉर्म्ड लिहिलेलं. हिअरबाय तसंच.

गुरुवारी पाणी आलं साडेसहाला. उशीर होणार हे मात्र कोणी इंटिमेट केलं नाही, दोन्हीपैकी कुठल्याच अर्थाने.